एनआरईएलमधले दहा आठवडे: कागद, बॅज आणि एक छोटा मास्क

२०२१ च्या हिवाळ्यात मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत इंटरनेटवर एकच गोष्ट शोधत बसायचे: एफ-१ व्हिसावरच्या भारतीय विद्यार्थ्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत उन्हाळ्यापुरतं काम करता येतं का, आणि येत असेल तर नक्की काय काय करावं लागतं? सापडायचं ते एकतर अधिकृत पान, नाहीतर "स्वप्न पूर्ण झालं" अशी पोस्ट. फॉर्म कोणते, परत कशामुळे येतात, किती दिवस लागतात, खिशातून किती जातात, हे कुणी लिहीत नाही. १९ ऑगस्ट २०२२ ला माझं काम संपलं. विसरायच्या आत लिहून टाकते.

आधी ओळख. मी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात पीएचडी करते, तिसरं वर्ष संपलंय. विषय पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकांपासून बनणारे सोलर सेल. काचेवर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ थर चढवायचा आणि तो सिलिकॉनच्या तोडीची वीज देतो का ते बघायचं. वीज देतो, टिकत नाही. ओल, उष्णता, ऊन, सगळ्याचाच त्याला त्रास. सोलर सेलनेच उन्हाला भ्यावं यातला विनोद आम्ही रोज नव्याने अनुभवतो. या टिकाऊपणाच्या कामासाठी मला कोलोरॅडोतल्या गोल्डन या गावी असलेल्या, तेव्हा नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरी असं नाव असलेल्या प्रयोगशाळेत, म्हणजे एनआरईएलमध्ये जायचं होतं.

नोव्हेंबर ते मार्च: ईमेल आणि शांतता

नोव्हेंबर २०२१ मध्ये मी तिथल्या तीन संशोधकांना ईमेल केले. तिन्ही ईमेल लांबलचक होते, माझ्या आयुष्याची कथाच म्हणा ना. उत्तर नाही. जानेवारीत सीनियर मुलीने ते वाचले आणि म्हणाली, "अगं, तू यांच्याकडे मागतेयस काय तेच कळत नाही." मग पाच ओळींचा ईमेल लिहिला: मी कोण, तुमच्या कोणत्या पेपरवरून हा प्रश्न पडला, माझ्याकडे कसले नमुने आहेत, मला किती आठवडे यायचंय, आणि पगार माझे गाइड देऊ शकतील की नाही. १४ जानेवारीला उत्तर आलं. ओळखीने काही होत नाही असं नाही, पण निदान माझ्या बाबतीत त्या पाच ओळींनी काम केलं.

ऊर्जा खात्याची 'सुली' नावाची इंटर्नशिप सगळीकडे दिसते. ती पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिला अमेरिकन नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. मी तिच्यावर एक आठवडा फुकट घालवला, तुम्ही घालवू नका. लॅबची स्वतःची इंटर्नशिप वेगळी असते. तिची जाहिरात नोकऱ्यांच्या पानावर निघते आणि बोलणं आधीच झालेलं असलं तरी तिथे रीतसर अर्ज करावाच लागतो. फेब्रुवारीत व्हिडिओवर मुलाखत झाली आणि ४ मार्चला "घेतोय तुला" असं कळलं. मी घरी फोन करून सांगितलं. आईने विचारलं, "म्हणजे आता नक्की ना?" मी म्हटलं, नक्की. तेव्हा नक्की काहीच नव्हतं.

मार्च ते जून: माझंच मोजमाप

राष्ट्रीय प्रयोगशाळा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या असतात. तिथे पाय ठेवण्याआधी परदेशी नागरिकांची वेगळी छाननी होते. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (देशात आल्याची नोंद), आय-२० (विद्यापीठाने दिलेलं विद्यार्थी असल्याचं प्रमाणपत्र), संपूर्ण बायोडेटा, शिक्षणाची सलग वर्षं आणि तिथे नेमकं काय काम करणार याचं वर्णन द्यावं लागतं. सलग म्हणजे खरंच सलग. बीएस्सी आणि एमएस्सीच्या मधे माझं एक वर्ष नेट-सेटच्या अभ्यासात गेलं होतं. बायोडेट्यात ती जागा मोकळी होती, तर "या काळात काय करत होता?" अशी विचारणा आली. एका ओळीत उत्तर दिलं आणि विषय मिटला. पण ती ओळ आधीच लिहिली असती तर आठवडा वाचला असता.

मोठा घोळ झाला नावाचा, आणि तो सर्वस्वी माझा. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत. माझ्या पासपोर्टवर माझं आणि बाबांचं नाव दोन्ही 'गिव्हन नेम'च्या एकाच रकान्यात आहेत, व्हिसावरही तसंच. लॅबच्या फॉर्मवर मात्र फर्स्ट, मिडल, लास्ट असे तीन रकाने दिसले आणि मी बाबांना सरळ मिडलमध्ये टाकलं. विद्यापीठाच्या कागदावर तर बाबा नव्हतेच. तीन कागदांवर तीन वेगळ्या बायका झाल्या! दुरुस्तीत नऊ दिवस गेले. मराठी मंडळींनो, फॉर्म कोणताही असो, नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, त्याच क्रमाने लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी तर जुन्या-नव्या नावाचे पुरावे आधीच एका फोल्डरमध्ये जमवून ठेवावेत.

छाननीला किती दिवस लागतील हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही, आणि ते योग्यच आहे. मला दहा आठवड्यांच्या आसपास लागले, १७ मेला मंजुरी आली. मंजुरी येईपर्यंत तिकीट काढू नका असं मला स्पष्ट सांगितलं होतं. तरी स्वस्त दिसलं म्हणून मी ३० मेचं काढलं. पुढे ते बदलताना फरकाचे ७५ डॉलर भरले. याला शहाणपण म्हणत नाहीत.

कारण मंजुरीनंतर सीपीटी बाकी होती. सीपीटी म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याची परवानगी. ती आपल्याच विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय देतं आणि नव्या आय-२० च्या दुसऱ्या पानावर छापून येते. त्यावर मालकाचं नाव, पत्ता, सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. ती तारीख उजाडायच्या आत एक तासही काम करायचं नाही, ऑनलाइन ट्रेनिंगसुद्धा नाही. आमच्या कार्यालयाने माझा अर्ज एकदा परत पाठवला, कारण ऑफर लेटरमध्ये आठवड्याचे तास लिहिलेले नव्हते. दुसऱ्यांदा दिला तो "दहा कामाचे दिवस" या रांगेत पुन्हा शेवटी जाऊन बसला. फोन केला की, "तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे." हे वाक्य मी मराठीत लहानपणापासून ऐकत आलेय, इंग्रजीत ऐकून जरा घरच्यासारखं वाटलं.

सीपीटीसाठी उन्हाळ्यात एका क्रेडिटची नोंदणी करावी लागली, त्याचे ६४० डॉलर गेले. काही विद्यापीठांत ते माफ होतात, विचारून बघा. आणि पूर्णवेळ सीपीटी एकूण बारा महिने झाली की त्याच पदवीवरची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करण्याची परवानगी, हातची जाते, हा हिशेब डोक्यात ठेवा. दहा आठवड्यांनी काही बिघडत नाही.

८ जूनला नवा आय-२० हातात आला. १३ जूनला, सोमवारी, मी रुजू झाले. ठरलेल्या दिवसापेक्षा तेरा दिवस उशिरा.

गोल्डनमध्ये राहणं

याबद्दल थोडक्यात. गोल्डनमध्ये कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स आहे. तिथली मुलं उन्हाळ्यात घरी जातात आणि आपल्या खोल्या पोटभाड्याने देतात. मला ८२० डॉलर महिना अशी खोली मिळाली, एका महिन्याचं डिपॉझिट वेगळं. डेन्व्हर विमानतळावरून तेव्हा १०.५० डॉलरच्या तिकिटात युनियन स्टेशन, आणि तिथून डब्ल्यू लाइन या ट्रेनने शेवटच्या स्टेशनापर्यंत येता यायचं. गाडी नसेल तर सायकल घ्या, पण पहिला आठवडा स्वतःवर दया करा. लॅब साउथ टेबल माउंटन नावाच्या सपाट माथ्याच्या डोंगराला टेकून आहे, आणि त्या माथ्यावरची जागा समुद्रसपाटीपासून १,८२९ मीटर उंच. पहिल्या चढाला माझी छाती लोहाराच्या भात्यासारखी चालत होती. ऑगस्टमध्ये मात्र हवेचं प्रदूषण कमी व्हावं म्हणून तिथल्या बस-ट्रेन महिनाभर फुकट होत्या. तेव्हा सायकल खुशाल पडवीत ठेवली.

पहिला पगार खात्यात यायला तीन आठवडे लागले. तोवरचे भाड्याचे, डिपॉझिटचे आणि खाण्यापिण्याचे पैसे गाठीला हवेत. पगारातून कर कापण्यासाठीचा डब्ल्यू-४ फॉर्म भरताना परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या सूचना वेगळ्या आहेत, 'एनआरए' (नॉनरेसिडंट एलियन) ही अक्षरं लिहायची असतात. सोबतची अमेरिकन मुलं भरतील तसा भरू नका.

पहिले दोन आठवडे: हात बांधलेले

मला वाटलं होतं, सोमवारी बॅज मिळेल आणि मंगळवारी मी ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे जोडलेल्या हवाबंद पेटीत, हात घालून बसेन. बॅज मिळाला. मग आली ट्रेनिंगची यादी: आग, विजेचा धक्का, रसायनं, दाबाखालचे गॅस सिलिंडर, लेझर, सायबर सुरक्षा, आणि चक्क रॅटलस्नेक. शेवटचं मी हसण्यावारी नेलं. जुलैत पायवाटेवर एक साप खरोखर आडवा आला, तेव्हा ट्रेनिंगमधलं एकच वाक्य आठवलं: थांबा, मागे सरा, त्याला जाऊ द्या. मी थांबले, मागे सरले. त्याला जायची काही घाई नव्हती.

पेरोव्हस्काइटमध्ये शिसं असतं. आमच्या विद्यापीठातही आम्ही काळजी घेतो, पण इथे शिसं लागलेली पिपेटची प्रत्येक टिप, प्रत्येक हातमोजा, प्रत्येक टिश्यू वेगळ्या पिशवीत, तारखेच्या लेबलसह. दुसऱ्याच दिवशी मी सवयीने एक हातमोजा साध्या कचऱ्यात टाकला. लॅबमधल्या माझ्या मेंटॉर काही बोलल्या नाहीत. चिमट्याने तो उचलला, योग्य पिशवीत ठेवला आणि काम पुढे चालू केलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रत्येक यंत्राजवळ आधी दुसऱ्याला काम करताना बघायचं, मग त्याच्या नजरेखाली स्वतः करायचं, मग सही. माझी पहिली फिल्म, म्हणजे पेरोव्हस्काइटचा थर, २७ जूनला तयार झाली. दहापैकी दोन आठवडे संपले होते. तुम्ही जाणार असाल तर वेळापत्रकात हे दोन आठवडे आधीच वजा करा आणि त्या काळात वाचायचं काम सोबत न्या.

या सक्तीच्या रिकाम्या वेळात मी इमारती बघितल्या, आणि ते मात्र सोनं झालं. आरएसएफ नावाची कार्यालयाची मोठी इमारत २०१० सालची. आत शिरताच लाकडाची निळसर-करड्या छटांची प्रचंड भिंत दिसते. रॉकी पर्वतातली पाइनची झाडं एका किडीने मारली, त्या मेलेल्या झाडांचं ते लाकूड. इमारतीचे खांब म्हणजे नैसर्गिक वायूचे वापरात नसलेले जुने पाइप. नूतनक्षम ऊर्जेचं ऑफिस गॅसच्या पाइपांवर उभं आहे, हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. दक्षिणेच्या भिंतीवर गडद रंगाचा, बारीक भोकांचा पत्रा आहे. उन्हाने तो तापतो, त्या भोकांतून आत ओढलेली हवा फुकटात गरम होते आणि इमारतीखालच्या काँक्रीटच्या भुलभुलैयात ती ऊब साठवतात. हे भोकाच्या पत्र्याचं तंत्र याच लॅबच्या सहभागातून पुढे आलेलं. उन्हाळ्यात उलटा खेळ: रात्रीची गार हवा आत घेऊन ठेवायची. खिडक्या उघडायला हरकत नाही असं हवामान झालं की कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर सूचना येते. आपल्या आज्या हे सगळं घड्याळ न बघता करायच्या, पण आज्यांच्या घरात आठशे माणसं नव्हती.

ईएसआयएफ ही २०१३ साली सुरू झालेली इमारत आमच्या विषयाची नव्हे, तरी एकदा सगळ्या इंटर्नना दाखवली. एखाद्या शहराचा वीजपुरवठा, बॅटऱ्या, सोलर इन्व्हर्टर, गाड्यांचे चार्जर हे खऱ्या विद्युतदाबाने एकमेकांना जोडून बघायची ती जागा. ग्रिडचा काही भाग खरा, उरलेला सुपरकॉम्प्युटरमधला. त्या सुपरकॉम्प्युटरचं नाव तेव्हा ईगल होतं. त्याला पाण्याने गार करतात आणि तापलेलं पाणी हिवाळ्यात इमारत गरम करायला वापरतात. पवनचक्क्यांचं काम इथे होत नाही, त्यासाठी बोल्डरच्या दक्षिणेला फ्लॅटआयर्न्स नावाचा वेगळा परिसर आहे. पर्वताच्या दरीतून तिथे सोसाट्याचं वारं सुटतं आणि पवनचक्कीचा गिअरबॉक्स जमिनीवरच पिळून बघायला ५ मेगावॅटचं यंत्र आहे. मला तिकडे जाता आलं नाही. त्या दिवशीचं ट्रेनिंग चुकवायचं धाडस झालं नाही.

जुलै: १९.६ चे १७.१

आता मुख्य गोष्ट.

मी विद्यापीठातून सहा सेल बंद डब्यात, नायट्रोजन भरून, सोबत नेले होते. त्यातला सगळ्यात चांगला १९.६ टक्के कार्यक्षमतेचा, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी तेवढ्याची वीज करणारा, आमच्या पेपरचा हिरो. कार्यक्षमतेचा तो प्रसिद्ध आलेख तुम्ही पाहिला असेल, १९७६ पासूनचे रंगीबेरंगी ठिपके वर वर चढत जाणारा. तो एनआरईएलच ठेवते. मी पोहोचले तेव्हा त्यांच्याच तीन थरांच्या सेलची ३९.५ टक्क्यांची बातमी महिन्याभरापूर्वीची होती. एकावर एक थर रचण्याच्या या घराण्याचा एक मूळपुरुष म्हणजे १९८४ साली इथेच जेरी ओल्सन यांनी मांडलेला दोन थरांचा सेल. त्यातूनच पुढे २००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांचे सोलर सेल आले. अशा घरात मी १९.६ घेऊन गेले. कमी आहे हे माहीत होतं, पण माझं होतं.

मेंटॉरनी पहिला प्रश्न विचारला: "क्षेत्रफळ किती?"

मी म्हटलं, ०.१ चौरस सेंटिमीटर. "मोजलंय की मानलंय?" मानलं होतं. विजेच्या जोडणीचा सोन्याचा थर ज्या जाळीतून चढवतो तिच्या भोकाचं ते माप. प्रत्यक्षात सोनं कडेला थोडं पसरतं, आणि कडेच्या बाहेर पडलेला प्रकाशही काचेतून आत घुसून थोडा करंट देतोच. म्हणजे वीज मोठ्या भागाची, भागिले लहान क्षेत्रफळ. त्यांनी काळ्या धातूचा एक पातळ मास्क दिला, त्याला मधोमध अगदी नेमकं मोजलेलं ०.०६ चौरस सेंटिमीटरचं भोक. तो वर ठेवला आणि सेलचा दर चौरस सेंटिमीटरमागचा करंट घटप्रभेचं पाणी उन्हाळ्यात उतरावं तसा उतरला.

दुसरी गोष्ट दिव्याची. सोलर सेल मोजायचे जगभर एकच नियम: चौरस मीटरला १,००० वॉट प्रकाश, सेलचं तापमान २५ अंश, आणि प्रकाशाचा वर्णपट एएम १.५ या ठरलेल्या नमुन्यासारखा. आम्ही दिव्याची तीव्रता सिलिकॉनच्या संदर्भ सेलने लावायचो. सिलिकॉन इन्फ्रारेडपर्यंत, साधारण १,१०० नॅनोमीटरपर्यंत बघतं, माझा पेरोव्हस्काइट ७८० च्या आसपास डोळे मिटतो. आमच्या दिव्यात इन्फ्रारेड कमी होतं. त्यामुळे सिलिकॉनला प्रकाश अपुरा वाटायचा, आम्ही दिवा वाढवायचो, आणि माझ्या सेलला हक्कापेक्षा जास्त दृश्य प्रकाश मिळायचा. तराजूत दगड ठेवून मीच माल विकत होते आणि मीच विकत घेत होते. यावर उपाय सोपा आहे: संदर्भ सेलवर केजी-५ काचेचा फिल्टर लावायचा, म्हणजे तोही पेरोव्हस्काइटइतकंच बघतो. आणि सेलचा वर्णपटाला मिळणारा प्रतिसाद मोजून उरलेला फरक गणिताने काढायचा.

तिसरी गोष्ट वेगाची. व्होल्टेज वरून खाली आणलं की पेरोव्हस्काइट एक आकडा देतो, खालून वर नेलं की दुसरा. आतले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, हळूहळू सरकत असतात, त्यांना स्थिर व्हायला वेळ लागतो. आम्ही वरून खालचा आकडा छापायचो. इथे प्रत्येक पायरीवर करंट स्थिर होईपर्यंत थांबतात. माझा सेल जो आलेख एरवी वीस सेकंदांत काढायचा, त्याला इथे बराच वेळ लागला. मी पडद्याकडे बघत बसले होते. एकेक बिंदू उमटत होता, आणि प्रत्येक बिंदू मला हवा होता त्याच्या जरा खाली.

१७.१.

त्या संध्याकाळी मी कुणाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मेंटॉरनी एवढंच सांगितलं की इथे बाहेरून येणाऱ्या बहुतेक सेलचं असंच होतं, आणि म्हणूनच त्या रंगीत आलेखावर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने तपासलेला ठिपकाच चढतो. नंतर लक्षात आलं की माझा सेल बिघडला नव्हता. तो कालही १७.१ चाच होता.

डोंगरमाथा आणि गारा

जुलैच्या मध्यानंतर काम बाहेर गेलं. सेलवर काच चढवून, कडा ब्यूटिल रबरने सीलबंद करून, काही भट्टीत ठेवले आणि काही उघड्यावर उन्हात. मोठ्या पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास, शिवाय उणे ४० ते ८५ अंश अशा २०० फेऱ्या काढाव्या लागतात. १,००० तास म्हणजे जवळजवळ सहा आठवडे. माझ्याकडे पाच होते. हा हिशेब मी जूनमध्येच करायला हवा होता. शेवटी ५०० तासांवर समाधान मानलं. तुमचा विषय टिकाऊपणाचा असेल तर आधी चाचणीचे तास मोजा, मग आठवडे मागा.

उघड्यावरच्या सेलसाठी "आज ऊन किती होतं" हे लागतं, आणि त्यासाठी डोंगरमाथ्यावर सौर किरणोत्साराची वेगळी प्रयोगशाळा आहे. १९८१ पासून तिथे सूर्य मोजला जातोय. छोट्या काचेच्या घुमटांखाली बसलेली, सूर्याच्या मागे मान वळवत राहणारी कितीतरी उपकरणं ओळीने मांडलेली. तिथला माणूस रोज सकाळी घुमट पुसतो. इतक्या महागड्या यंत्रांच्या मधे तो एका स्वच्छ कपड्याने काच पुसत होता, मला देवघर आठवलं. हे आकडे सगळ्यांना मोफत उपलब्ध असतात, माझ्यासारखीला त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही.

कोलोरॅडोत उन्हाळ्यात दुपारी दोननंतर ढग जमतात. २१ जुलैला गारा सुरू झाल्या आणि माझा जीव बाहेरच्या सेलपाशी. मी धावत निघाले तर शेजारच्या टेबलवरचा सहकारी म्हणाला, विजा थांबेपर्यंत बाहेर जायचं नाही, तो नियम आहे. मग बसल्या बसल्या त्याने ८ मे २०१७ च्या गारपिटीची गोष्ट सांगितली. परिसरातल्या गाड्यांच्या काचा फुटल्या होत्या, आणि लॅबच्या तीन हजारांहून जास्त पॅनेलपैकी फुटलं फक्त एक. पॅनेलला २५ मिलिमीटरची गार सेकंदाला २३ मीटर वेगाने मारून बघतात, ते उगाच नव्हे. माझे सेलही वाचले. एकाच्या कडेतून पाणी आत गेलं आणि काळा थर पिवळा पडला, पण तो सील मीच घाईत लावला होता.

याच सहकाऱ्याने लॅबच्या जन्माची एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. १९७७ मध्ये ती सौर संशोधन संस्था म्हणून सुरू झाली, राष्ट्रीय प्रयोगशाळा झाली १९९१ मध्ये. ३ मे १९७८ ला, देशभर 'सूर्यदिन' साजरा होत असताना, राष्ट्राध्यक्ष कार्टर इथे भाषणाला आले. आणि पाऊस पडला.

निघताना

शेवटचा आठवडा पुन्हा कागदांचा. इथे केलेलं काहीही, अगदी आपल्या ग्रुपच्या मीटिंगमधली स्लाइडसुद्धा, बाहेर दाखवायच्या आधी तपासणीला द्यावी लागते. मी ते शेवटच्या सोमवारी दिलं, दोन आठवडे आधी द्यायला हवं होतं. डेटा कुठल्या स्वरूपात आणि कोणाच्या परवानगीने सोबत नेता येईल हे पहिल्याच महिन्यात लिहून घ्या. उरलेले शिसेयुक्त नमुने विमानातून आणायचे नाहीत. ते तिथेच कचऱ्याच्या नोंदीसह सोपवले. वहीही तिथेच राहते, स्कॅन मिळतं. १९ ऑगस्टला दुपारी चार वाजता बॅज दिला आणि दार बाहेरून बंद झालं. आत राहिलेला पाण्याचा डबा मागायलाही परत जाता येईना. मेंटॉरनी तो नंतर गेटपाशी आणून दिला.

एकूण हिशेब, ज्यांना हवा त्यांच्यासाठी: क्रेडिटचे ६४०, तिकीट बदलाचे ७५, दोन महिन्यांच्या आसपासचं भाडं, जुनी सायकल ११० ला घेतली आणि ९० ला विकली. पगारातून हे सगळं सुटलं आणि थोडं उरलं. पुढच्या वर्षी कर भरताना दोन राज्यांचे फॉर्म भरावे लागणार आहेत, ते तेव्हा बघू.

विद्यापीठात परतल्यावर पेपरचा मसुदा उघडला. तक्त्यात १९.६ ठळक अक्षरांत होतं. ते खोडून १७.१ लिहिलं, खाली मास्कचं क्षेत्रफळ आणि मोजण्याची पद्धत दिली. मग इतर पाच सेलचे आकडेही त्याच पद्धतीने पुन्हा मोजायला लागतील हे लक्षात आलं, आणि गाइडना तसा ईमेल केला. काय म्हणतील याची धाकधूक होती. पंधरा मिनिटांत उत्तर आलं: "मास्कचं ड्रॉइंग पाठव, वर्कशॉपमध्ये सहा कापून घेऊ."